संस्था-संघटनांचा अभ्यास करणारा समाजशास्त्रज्ञ: यावर आयुष्य काढता येतं का?

चैत्रपालवी
नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एमए झालंय, आता पीएचडीचा विषय ठरवायचाय. मला स्वयंसेवी संस्था आणि लोकसंघटन यांचाच अभ्यास करायचा आहे. माणसं एकत्र कशी येतात, एकत्र आल्यावर ऐकलं कुणाचं जातं, बाहेरून पैसा आला की काय बदलतं, काही संघटना दोन-दोन पिढ्या टिकतात आणि काही वर्षभरात विरून का जातात, हे प्रश्न डोक्यातून जातच नाहीत. एमएच्या प्रबंधासाठी बचत गटांच्या एका संस्थेत बरेच महिने बसून होते, तिथून हे सुरू झालं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, यावर अख्खी कारकीर्द उभी राहते का? "विषय चांगला आहे, पण पुढे काय?" हे सगळीकडून ऐकून झालंय. दुसरी जास्त छळते. ज्या संघटनेबद्दल मनापासून आस्था आहे तिचा अभ्यास करताना अलिप्त राहायचं, की उतरायचं? एका ज्येष्ठ सरांनी स्पष्ट सांगितलं, कार्यकर्ती व्हायचं असेल तर विद्यापीठाचा नाद सोड. मला ते पटलं नाही, पण त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तरही नव्हतं.

ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय किंवा ज्यांच्याकडे असे अभ्यासक येऊन गेलेत, त्यांनी जरूर लिहा.

गवतफूल
वाचतेय. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांची वाट बघतेय.

नीलकंठ_द
पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. आयुष्य शिकवण्यात गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

हा विषय नवा नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डू बॉइस यांनी १८९८ मध्ये अटलांटा विद्यापीठातून कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चेस, परस्पर-साहाय्य मंडळं, मर्तिकाच्या खर्चासाठी वर्गणी काढणारे गट अशा सगळ्यांचा अभ्यास छापला. कोण कुणाला किती मदत करतं, पैसा कुठून येतो, खर्च कशावर होतो, हेच प्रश्न होते. त्याआधी १८९५ मध्ये शिकागोच्या हल हाउसमधल्या बायकांनी आपल्या वस्तीचे नकाशे छापले होते. कुठल्या घरात कुठल्या देशातून आलेली माणसं राहतात, कुणाची आठवड्याची मिळकत किती, हे रंगांनी दाखवलेलं. हल हाउस ही स्वतः एक संस्थाच होती, जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये सुरू केलेली. म्हणजे संस्थेने समाजाचा अभ्यास करायचा आणि समाजशास्त्राने संस्थेचा, हे दोन्ही एकाच काळात सुरू झालं.

वेगळी शाखा म्हणून मांडणी झाली ती १९७० च्या दशकात. संशोधकांच्या संघटना निघाल्या, येल विद्यापीठात त्या दशकाच्या अखेरीस खास कार्यक्रम सुरू झाला. १९९० च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लेस्टर सॅलमन यांनी अनेक देशांचा तुलनात्मक प्रकल्प हाती घेतला, तो वाढत वाढत चाळीसहून जास्त देशांत गेला. संस्था कशाला म्हणायचं याच्या त्यांनी पाच कसोट्या लावल्या: काहीतरी रचना असावी, सरकारचा भाग नसावी, नफा वाटून घेत नसावी, कारभार स्वतः चालवत असावी आणि सहभाग स्वेच्छेचा असावा. साधं वाटतं, पण एखाद्या खऱ्या संस्थेला या पाच कसोट्या लावून बघ. दुसऱ्या-तिसऱ्यालाच अडतं.

कारकीर्दीचं म्हणशील तर वाटा तीन. विद्यापीठात शिकवणं, संशोधन केंद्रात काम, किंवा संस्थांसाठी आणि फंडरसाठी मूल्यमापन. बहुतेकांचं आयुष्य या तिन्ही वाटांवर आलटून पालटून जातं. पहिल्या वाटेवर जागा कमी आणि थांबणं फार, तासिका तत्त्वावर वर्षं निघून जातात. तिसऱ्या वाटेवर काम पुष्कळ, पण लिहिलेलं तुझं राहत नाही.

हातोडा
मी दुसऱ्या बाजूचा. संघटनेत पूर्णवेळ काम करत म्हातारा झालो. आमच्याकडे अभ्यासक येतात. चांगली मुलं असतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. हातात लांबलचक प्रश्नावली असते, दिवसभराच्या मजुरीवरून आलेल्या बाईला संध्याकाळी बसवून "संघटनेमुळे तुमच्या निर्णयक्षमतेत किती वाढ झाली, एक ते पाचमध्ये सांगा" असं विचारतात. बाई आमच्याकडे बघते. आम्ही मान हलवली की चार सांगते.

आमच्यावर लिहिलेले प्रबंध कुठल्या कुठल्या ग्रंथालयात आहेत असं ऐकतो. आमच्या कार्यालयात त्यातली एकही प्रत नाही. ज्यांनी आपल्या घरातली भांडणं, नवऱ्याचं दारू पिणं, कोर्टातल्या तारखा मोकळ्या मनाने सांगितल्या, त्यांना पुढे त्याचं काय झालं कळलंच नाही.

चैत्रपालवी, उतर किंवा उतरू नकोस, पण परत ये. माझं एवढंच मागणं आहे.

तिरपी_रेघ
हातोडा काका, प्रतिसाद फार भिडला. एक ते पाचची गोष्ट अगदी खरी आहे.

बोरूबहाद्दर
आमच्या संस्थेत एक मुलगी सहभागी निरीक्षण (म्हणजे संस्थेत सामील होऊन अभ्यास) करायला आली होती. अक्षर चांगलं आणि हिशेब चोख, म्हणून आम्ही तिला पहिल्याच महिन्यात सहखजिनदार केलं. सहभाग भरपूर झाला, निरीक्षणाला वेळच उरला नाही! (पीएचडी झाली तिची, काळजी नसावी. वर्गणीच्या पावत्यांवर एक आख्खं प्रकरण आहे.)

कृष्णा_काठ
दुसऱ्या प्रश्नाला दोन माणसांची नावं हेच माझं उत्तर.

गेल ऑम्व्हेट. अमेरिकेतून आल्या, महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेच्या विद्यापीठात प्रबंध लिहिला, १९७३ मध्ये पीएचडी मिळाली. मग इथेच राहिल्या, कासेगावात संसार केला, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. श्रमिक मुक्ती दल, दुष्काळी भागातली पाण्याची आंदोलनं, परित्यक्ता बायकांचे प्रश्न, सगळ्यात त्या होत्या, आणि लिहीतही होत्या, २०२१ मध्ये जाईपर्यंत. त्यांच्या लिखाणाशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, घालावेत. पण मोर्चात चालल्यामुळे त्यांचं समाजशास्त्र कच्चं राहिलं, असं म्हणायची हिंमत कुणाची होणार नाही.

दुसरे मार्शल गँझ, यांचा प्रवास उलटा. १९६४ मध्ये हार्वर्डचं शिक्षण अर्धवट टाकून मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या मोहिमेत गेले, तिथून सेझार चावेझ यांच्याबरोबर कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या संघटनेत सोळा वर्षं. राहिलेली पदवी १९९२ मध्ये पुरी केली आणि समाजशास्त्रातली पीएचडी २००० मध्ये. वयाची पन्नाशी उलटल्यावर! आणि प्रश्न कुठला घेतला? जास्त पैसा, जास्त माणसं, मोठ्या संघटनांचा पाठिंबा असलेले गट शेतमजुरांना बांधण्यात हरले आणि ही फाटकी संघटना कशी जिंकली? त्यांचं उत्तर असं की साधनं कमी असली तरी नेतृत्वात वेगवेगळ्या थरांतली माणसं होती, मजुरांच्या आतली आणि बाहेरचीही, सगळी एकत्र बसून वाद घालत, शिकत, आणि सगळ्यांचं मन त्यात गुंतलेलं होतं. त्यातून डावपेच सुचत गेले. सोळा वर्षं आत नसते तर हा प्रश्न त्यांना पडला असता का?

धूळपाटी
कृष्णा_काठ, दोन्ही उदाहरणं मोठी आहेत, पण अपवादाचा नियम करू नका. थोडा विरोध नोंदवतो.

संघटनेच्या आत असणाऱ्याला काही गोष्टी दिसतात, तशा काही दिसेनाशाही होतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अभ्यास करून दाखवून दिलं की लोकशाहीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतही कारभार हळूहळू मोजक्या माणसांच्या हातात जातो. कारण वाईट हेतू नसतो. कामाचं ज्ञान, कागदपत्रं, ओळखी, भाषणाची सवय हे सगळं थोड्यांकडे साठत जातं आणि बाकीचे त्यांच्यावर विसंबायला लागतात. मिशेल्स स्वतः त्या पक्षातच होते, हे मान्य. पण त्यांनी निष्ठा बाजूला ठेवली म्हणून ते लिहू शकले.

तुझी आवडती संघटना याच वाटेने जाताना दिसली तर लिहिशील का? संस्थापकांची मुलगी विश्वस्त झाली आणि बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हे लिहिशील? सरांचं म्हणणं मला इतकंच वाटतं. विद्यापीठ सोड हे टोक झालं, पण त्यांची शंका खोटी नाही.

कृष्णा_काठ
धूळपाटी, मिशेल्स पुढे फासिस्टांच्या बाजूला गेले हेही सांगायला हवं. सगळ्या संघटना शेवटी मूठभरांच्याच होतात असं एकदा मनात धरलं की माणूस तिकडेही जाऊ शकतो. अलिप्ततेलाही काही किंमत मोजावी लागते.

धूळपाटी
ते गेले हे खरंच. पण त्यामुळे १९११ चं निरीक्षण चुकीचं ठरत नाही. नियम म्हणून मान्य करू नका, धोक्याची खूण म्हणून तरी जवळ ठेवा.

मीनाक्षी_ब
मी नीलकंठ सरांच्या तिसऱ्या वाटेवर आहे. मूल्यमापन करते. आतून कसं दिसतं ते लिहिते.

फंडर म्हणतो, तीन वर्षांच्या प्रकल्पाचा परिणाम काढून द्या. संस्थेला पुढचं अनुदान हवं असतं. गावात जायची गाडी संस्थेची, सोबत माणूस संस्थेचा, बैठकीला बायका त्यांनीच बोलावलेल्या. सगळ्यांनी त्या दिवशी चांगल्या साड्या नेसलेल्या असतात. तुम्ही विचारता, त्या सांगतात, सोबतचा कार्यकर्ता मधूनच "ताई, ते कर्जाचं सांगा ना" म्हणून आठवण करून देतो. खोटं कुणीच बोलत नसतं. पण सगळं आधी ठरलेल्या वाटेने जातं.

माझा अनुभव असा की खरं बोलणं बैठक मोडल्यावर होतं. सतरंजी गुंडाळताना. एका ठिकाणी मी मुद्दाम थांबले, दोघीजणी भांडी आवरत होत्या. त्यातली एक सहज म्हणाली, गटाचं कर्ज फेडायला तिने सावकाराकडून उचल घेतली होती. गटाच्या वहीत तिची परतफेड शंभर टक्के. माझ्या अहवालात ते प्रकरण आलं, मसुद्यावर चर्चा झाली आणि अंतिम प्रतीत त्याची एक ओळ उरली. पूर्ण अहवाल कुठे छापायचा नाही असं करारातच होतं. संस्थेचं नाव इथे लिहिणार नाही, आणि खरं म्हणजे ती वाईट संस्था मुळीच नव्हती.

यात एक रचना आहे. डिमॅगिओ आणि पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलं की एका क्षेत्रातल्या संस्था काळाच्या ओघात एकमेकींसारख्या होत जातात: नियमांच्या दबावाने, यशस्वी दिसणाऱ्याची नक्कल करून, आणि एकाच पठडीत शिकलेली माणसं भरल्यामुळे. आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर काम करणारी संस्था, शाळांत काम करणारी आणि पाणलोटाची, तिघींच्या प्रस्तावात तेच तक्ते, तेच शब्द. फंडरचा नमुना भरता भरता संस्था आपल्या कामाकडेही त्याच नमुन्यातून बघायला लागते. हे लिहायला कुणीतरी असं हवं ज्याचा पगार त्या नमुन्यातून येत नाही. म्हणून चैत्रपालवी, विद्यापीठ सोडू नकोस असं माझं म्हणणं.

हातोडा
मीनाक्षीताई, सतरंजीचं वाचून थांबलो. आमच्याही बैठकांत तेच होतं, हे मला मान्य करायला हवं. आम्ही फंडरचा पैसा घेत नाही, तरीही होतं. मोठ्या माणसांसमोर बाया बोलत नाहीत आणि आता आम्हीही त्यांच्यासाठी मोठी माणसं झालोत.

जुनी_वही
कागदपत्रांबद्दल लिहायचं राहून जाईल म्हणून लिहितो. मी संघटनांचे जुने दप्तर वाचतो, तोच माझा विषय.

इतिवृत्ताची वही फार बोलकी असते, फक्त ठरावांसाठी वाचायची नाही. "ठराव सर्वानुमते मंजूर" हे वाक्य सगळ्या वह्यांत असतं. मी बघतो ते वेगळंच. सूचक कोण आणि अनुमोदक कोण? पाच वर्षं तेच दोघे आलटून पालटून असतील तर संघटना कुणाची ते कळलं. हजेरीत अंगठे किती आणि सह्या किती, आणि अंगठे उमटवणाऱ्यांपैकी कुणी कधी सूचक झालंय का? एका वहीत हस्ताक्षर मध्येच बदललं होतं. तोवर गोलगोल, सावकाश, शुद्धलेखनाच्या चुका असलेलं अक्षर होतं. नंतर झरझर, सफाईचं. चौकशी केली तेव्हा कळलं की पूर्वी वही वस्तीतली एक बाई लिहायची, नोंदणी झाल्यावर हिशेबनीसाने "नीट लिहायला हवं" म्हणून स्वतःकडे घेतली. त्यानंतरच्या पानांवर कोण काय बोललं ते नाही, फक्त ठराव आहेत. आधीच्या पानांवर "सखूबाई म्हणाली हे बरोबर नाही" अशा ओळी आहेत. (नाव बदललंय.)

संघटनेची संस्था होते म्हणजे काय होतं, ते मला त्या एका वहीत दिसलं.

गवतफूल
जुनी_वही, यावर वेगळा धागा काढा. विनंती समजा.

बोरूबहाद्दर
+१. आमच्या सहखजिनदाराला दाखवतो हे!

आकडेमोड
थोडं अवांतर. कारकीर्द म्हटली की संख्येचाही प्रश्न येतो. भारतात संस्था आहेत तरी किती? केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००८ पर्यंत नोंदणी झालेल्या संस्थांची मोजणी केली, ती सुमारे ३१ लाख ७० हजार निघाली. पण नोंदवलेल्या पत्त्यांवर माणसं पाठवली, तेव्हा त्यातल्या मोठ्या भागाचा पत्ताच लागला नाही. नोंदणीचा कायदा १८६० चा, संस्था बंद झाली तर कळवायला कोण जातंय? उलट, नोंदणी नसलेले हजारो गट रोज काम करतायत ते या आकड्यात नाहीतच. आपण नक्की कशाचा अभ्यास करतोय हे ठरवायलाच एक कारकीर्द पुरेल.

कृष्णा_काठ
आणि काही संघटना कुठल्याच खणात बसत नाहीत. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा'ची, म्हणजे स्वतःचा रोजगार करणाऱ्या बायकांच्या संघटनेची, कामगार संघटना म्हणून नोंदणी करायला घेतली, तेव्हा कामगार खात्याचा आक्षेप होता की या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? नोंदणी मिळाली तीच मुळात एक लढाई होती. त्यातून पुढे बँक, सहकारी संस्था, विमा असं सगळं निघालं. आता हिला सॅलमन यांच्या पाच कसोट्या लावा.

नीलकंठ_द
लावल्या की! म्हणून तर म्हटलं, दुसऱ्या-तिसऱ्यालाच अडतं.

सुतळी
मला मूळ मुद्द्याबद्दलच शंका आहे. संघटना बांधणं म्हणजे चळवळ वाढणं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. पिव्हेन आणि क्लोवर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १९७७ मध्ये उलट मांडलं: गरिबांना जे काही मिळालं ते गोंधळ घातल्याने, काम बंद पाडल्याने, रस्त्यावर आल्याने मिळालं. नेते मात्र त्याच काळात सभासद नोंदणी, कार्यालयं आणि घटना लिहिण्यात गुंतले आणि लाट ओसरली. मग संस्थांचा अभ्यास म्हणजे ओसरलेल्या लाटेचा अभ्यास नाही का?

कृष्णा_काठ
याला समोरासमोर ठेवायचं ते अमेरिकेत वस्त्यांच्या संघटना बांधणाऱ्या सॉल ॲलिन्स्की यांचं काम. तेही शिकागो विद्यापीठात समाजशास्त्र शिकलेले. १९३९ मध्ये कत्तलखान्यांच्या मागच्या वस्तीत त्यांनी परिषद उभी केली ती आधीपासून असलेल्या चर्च, युनियन, क्लब यांना एकत्र बांधून. पुढच्या वर्षी त्यासाठीच वेगळी संस्था काढली. त्यांचं सूत्र असं की लाट ओसरल्यावरही ताकद राहायला हवी, आणि ती लोकांच्या रोजच्या नात्यांत असते. मला दोन्ही खरं वाटतं, पण वेगवेगळ्या वेळी. कुठल्या वेळी कुठलं, हाच संशोधनाचा प्रश्न.

सुतळी
हे मान्य. पण समाजशास्त्रज्ञ थीडा स्कॉकपोल यांनी अमेरिकेबद्दल दाखवलंय तेही जोडा. १९६० नंतर गावोगाव शाखा आणि सभासद असलेल्या जुन्या संघटना आटल्या, त्यांची जागा राजधानीत बसलेल्या, पगारी तज्ज्ञांनी चालवलेल्या संस्थांनी घेतली. सभासदाने करायचं काय, तर चेक पाठवायचा. नाती कुठे उरली?

मीनाक्षी_ब
चेकच्या जागी आता मोबाईलवरून देणगी आली. बाकी तेच.

चैत्रपालवी
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. हातोडा काका, तुमचं "परत ये" वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

पण त्यातूनच अडचण येते. परत जायचं म्हणजे काय न्यायचं? तीनशे पानांचा इंग्रजी प्रबंध? आणि दुसरं, धूळपाटींनी विचारलं तसं कटू काही सापडलं तर? नावं बदलली तरी त्या भागात तशी संस्था एकच असेल. पहिल्या पानावरच सगळे ओळखतील.

जुनी_वही
नेण्याबद्दल एक उदाहरण. कोलंबियात ओर्लांदो फाल्स बोर्दा हे मोठे समाजशास्त्रज्ञ. १९५९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात समाजशास्त्राची विद्याशाखा उभी करणाऱ्यांपैकी एक. १९७० च्या सुमारास विद्यापीठातून बाहेर पडून कॅरिबियन किनाऱ्याकडच्या शेतकरी संघटनेबरोबर कामाला लागले. तिथे म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी सांगितलेल्या जुन्या जमीन-लढ्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि उलियानोव चालार्का या चित्रकाराने त्या चित्रकथा म्हणून काढल्या. चित्रं काढताना सांगणारे आणि त्यांचे शेजारी दुरुस्त्या सुचवत. वाचता न येणाऱ्यांपर्यंतही इतिहास पोचला, आणि सांगणाऱ्याला आपण सांगितलेलं बरोबर आलंय का ते तपासता आलं. सहभागी कृती-संशोधन (लोकांना सोबत घेऊन, त्यांच्या कामासाठी केलेलं संशोधन) ज्याला म्हणतात त्याची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद पुढे १९७७ मध्ये कार्ताखेनाला झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

प्रबंध इंग्रजीत असू दे. त्यातलं एखादं प्रकरण मराठीत लिहून बैठकीत मोठ्याने वाच. वाचताना लोक तुला थांबवतील, "असं नव्हतं" म्हणतील, आणि पुढचं प्रकरण तिथेच सापडेल.

सावली_ओझं
मी आजवर फक्त वाचत होते, पण उदाहरण जवळचं आहे म्हणून लिहिते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये सुरू झाली, तिच्यामागे एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली शिक्षक मंडळी होती. कचरावेचक बायका महापालिकेसाठी प्रत्यक्षात किती काम करतात, कचरा उचलायचा आणि वाहून न्यायचा किती खर्च त्यांच्यामुळे वाचतो, याचा हिशेब मांडणारा अभ्यास झाला. ओळखपत्र, विमा अशा मागण्यांसाठी पालिकेशी बोलताना असा हिशेब हातात असणं फार मोलाचं होतं. २००८ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी पालिकेने करार केला.

सांगायचं कारण, इथे अभ्यास आणि संघटना यांच्यात अलिप्ततेचा वाद झालाच नसेल असं नाही, पण आकडा चुकला असता तर पालिकेच्या अधिकाऱ्याने पहिल्या बैठकीतच उडवून लावला असता. बाजू घेतली की काटेकोरपणा जातो, हे मला पटत नाही. बाजू घेणाऱ्याला उलट जास्त काटेकोर राहावं लागतं, कारण समोर तपासणारा बसलेला असतो.

धूळपाटी
सावली_ओझं, हा मुद्दा मला मान्य करायलाच हवा. मात्र तो आकडा संघटनेच्या बाजूचा होता. संघटनेच्या विरुद्ध जाणारा आकडा तितक्याच काटेकोरपणे बाहेर येतो का, हा माझा प्रश्न तसाच आहे.

हातोडा
धूळपाटी, याला मी उत्तर देतो. येत नाही, आणि दोष फक्त अभ्यासकाचा नाही. आम्हाला विरोधी ऐकायची सवय नाही. बाहेर पोलीस, ठेकेदार, पुढारी टपलेले असतात, त्यामुळे आतलं कुणी काही म्हटलं की "आत्ता ही वेळ नाही" म्हणतो. ती वेळ कधी येतच नाही. आधी आम्हाला सांगा, मग छापा. आम्ही रागावू, दोन बैठका भांडू. पण आमच्याच लोकांसमोर सांगितलेलं असलं तर नंतर कुणाला गद्दार म्हणता येणार नाही.

चैत्रपालवी, नाव लपवण्याबद्दल मला तांत्रिक काही कळत नाही. पण आमच्यातल्या बायकांना विचारलंस तर निम्म्या म्हणतील, माझं नाव लाव, मी केलंय ते. लपवायचं की लावायचं हे त्यांना ठरवू दे.

मीनाक्षी_ब
तांत्रिक भाग मी सांगते. परवानगी एकदाच घ्यायची नसते. सुरुवातीला, मुलाखतीच्या वेळी आणि छापण्याआधी, असं तीनदा विचार. संस्थेची परवानगी म्हणजे सभासदांची परवानगी नव्हे, दोन्ही वेगळ्या घे. जुनी दप्तरं वाचायची असतील तर लेखी घे, कारण कार्यकारिणी बदलते आणि नव्या अध्यक्षांना जुनं तोंडी बोलणं माहीत नसतं. संस्था ओळखू येणारच असेल तर लपवल्याचा आव आणू नकोस, फक्त आतल्या माणसांची माहिती अशी मिसळ की कोण काय बोललं ते कळू नये. सावकाराची गोष्ट मी वर लिहिली ती अशीच मिसळून लिहिली आहे.

नीलकंठ_द
आता परत पहिल्या प्रश्नाकडे, तो मागेच राहिला.

पीएचडीचं घड्याळ आणि संघटनेचं घड्याळ जुळत नाही, ही या कारकीर्दीतली मुख्य अडचण आहे. विद्यापीठ म्हणतं चार-पाच वर्षांत संपवा, दरवर्षी एखादा निबंध छापा. संघटनेत दोन वर्षं काहीच घडत नाही आणि तिसऱ्या वर्षी एका महिन्यात सगळं उलटंपालटं होतं. म्हणून विषय असा निवड की काहीच न घडणाऱ्या दोन वर्षांवरही लिहिता येईल. बैठका, वही, वर्गणी, कोण यायचं बंद झालं आणि का. लढ्यावर सगळेच लिहितात, मधल्या काळावर फार कमी. तिथे तुला जागा आहे.

डू बॉइस यांचं अर्धंच सांगितलं होतं. १९१० मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडून एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या नव्या संघटनेत पूर्णवेळ काम घेतलं, तिचं मासिक चालवलं, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा अटलांटात शिकवायला आले. तुझ्या सरांनी दोन दारं दाखवली आणि एक निवड म्हणाले. या विषयातल्या पुष्कळ चांगल्या माणसांनी दोन्ही दारांतून ये-जा केली आहे. मात्र ये-जा करायला विद्यापीठातली पदवी आणि संघटनेतला विश्वास, दोन्ही लागतं. पदवी आधी मिळव.

चैत्रपालवी
सर, मधल्या काळावर लिहायचं हे मला सुचलंच नव्हतं. बचत गटांची जी संस्था होती तिथे मागच्या वर्षी नवं काहीच झालेलं नाही आणि म्हणून मी ती यादीतून काढून टाकली होती. पुन्हा घालते. पुढच्या आठवड्यात त्यांची मासिक बैठक आहे, आधी एमएच्या प्रबंधातलं प्रकरण मराठीत करून वाचते, मग वहीबद्दल विचारते.

मीनाक्षी_ब
छान. वही बघितलीस की सूचक-अनुमोदकांची यादी कर. आणि बैठक संपल्यावर लगेच निघू नकोस.

हातोडा
आमच्या कार्यालयातही ये. जुनी दप्तरं पत्र्याच्या पेटीत आहेत, वाळवी लागायच्या आत कुणीतरी वाचायला हवीत. जुनी_वही, तुम्हीही या.

जुनी_वही
येतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, तारीख कळवा.